बोरन्हाणाचे फोटो

बोरन्हाणाच्या फोल्डरमध्ये एकही माणूस नव्हता.

वृंदाताईंनी चष्मा पदराने पुसला आणि पुन्हा पाहिलं. परातीत बोरं, चुरमुरे, उसाचे करवे. ताटलीत नीट मांडलेला हलव्याचा मुकुट आणि बाजूबंद. शेवटी, सगळं आटोपल्यावर सतरंजीभर सांडलेले चुरमुरे. मधलं सगळं गायब. दागिने घालून बसलेली एका वर्षाची नात नीरजा नव्हती, तिला मांडीवर घेतलेली काळ्या साडीतली तिची आई कृतिका नव्हती, बोरं वेचायला धावलेली शेजारची पोरंसुद्धा नव्हती.

लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमधली ती त्यांची शेवटची संक्रांत. शेजारच्या चोप्राबाई डोळे विस्फारून म्हणाल्या होत्या, "भाभीजी, बच्ची के सिर पे ये क्या डाल रहे हो?" आणि कॅमेरा सांभाळत वृंदाताईंचे यजमान जयंतराव म्हणाले होते, "मौसम का टीका लग रहा है जी!" बोरन्हाणाला लस म्हटल्यावर सगळं घर हसलं होतं. ते क्वार्टर आता पाडलंय, जयंतरावांना जाऊन तीन वर्षं झाली, आणि मुलगा अंशुमन आणि कृतिका यांचा घटस्फोट गेल्या वर्षी झाला. राहिले होते ते फोटो. उद्या रविवार. उद्या नीरजा इकडे फरीदाबादच्या घरी यायची होती. आईकडे राहणाऱ्या नातीला आजीने कबूल केलं होतं की, हलव्याचा मुकुट चाटून चाटून तू कसा संपवलास ते तुला दाखवते.

"अंशुमन, जरा इकडे ये रे."

तो मोबाइलवर बोट फिरवतच आला. "काय झालं? चालत नाहीये का? नवा कंप्यूटर आहे, आई, जरा प्रेमाने."

"बोरन्हाणाचे फोटो कुठेत?"

"आहेत की. तेच उघडलंयस ना."

"हे चुरमुरे आहेत. माझी नात कुठेय?"

अंशुमनने स्क्रीनकडे पाहिलंच नाही. "अच्छा... ट्रान्सफरमध्ये काही गेले असतील. होतं असं."

वृंदाताईंनी दुसरं फोल्डर उघडलं. जयंतरावांनी हॉस्पिटलमधून घरी आल्यावर केक कापला होता तो दिवस. केक होता, सुरी होती, माणसं नव्हती. मग नैनिताल. तळं होतं, होड्या होत्या. त्यांचा हात थांबला. अपघाताने गेलेले फोटो असे वेचून जात नाहीत. ज्यात ज्यात कृतिका होती, तेवढेच गेले होते.

"तू काढलेस?"

तो खुर्चीच्या पाठीवर हात टेकून उभा राहिला. मग म्हणाला, "हे नवीन मशीन चेहरे ओळखतं. एका चेहऱ्यावर क्लिक केलं की त्या माणसाचे सगळे फोटो एकत्र येतात. फिर बस, एक बटन."

"एक बटन."

"यार आई, तू रोज संध्याकाळी ते उघडून बसतेस. मी ऑफिसमधून येतो आणि समोर ती हसत असते. माझ्या स्वतःच्या घरात! मला नाही सहन होत."

"मग मला सांगायचंस. मी दार लावून बघितले असते."

त्याने मोबाइल खिशात टाकला.

"आणि त्यात बाबाही होते की. माझी नात होती. मी होते. ते दिसलं नाही तुला?"

"एकेक कोण बघत बसणार होतं?" तो म्हणाला आणि लगेच ओशाळला.

"जुना कंप्यूटर आण परत. त्यात असतील."

"तो एक्स्चेंजमध्ये गेला. देण्याआधी सगळं पुसून देतात."

जयंतरावांच्या सरकारी नोकरीत घर अनेकदा हललं. त्यांचा एक शिरस्ता होता. नव्या घरात एकूणएक खोकं उघडून पाहिल्याशिवाय जुन्या घराची किल्ली द्यायची नाही. वृंदाताई तेच म्हणाल्या होत्या, जुना कंप्यूटर आठवडाभर राहू दे. तेव्हा याच मुलाने त्यांच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं होतं, "आई, सगळं आलंय. मी स्वतः चेक केलंय. बिल्कुल टेन्शन घेऊ नकोस." तो हात त्यांना आता खांद्यावर जाणवला आणि त्यांनी खांदा झटकला.

"उद्या नीरजा विचारेल," त्या म्हणाल्या.

"सांग ना, नवीन कंप्यूटर आहे, काही उडाले. बच्ची आहे, भूल जायेगी."

"मी नाही सांगणार. तू सांग, आणि जे केलंस ते सांग. माझ्या तोंडून तुझं खोटं नको."

"आई, प्लीज. तीसुद्धा मला सोडून जाईल."

वृंदाताईंनी त्याच्याकडे पाहिलं. लहानपणी ताप आला की तो असाच दिसायचा. पण त्या उठल्या नाहीत. थोड्या वेळाने गाडीची किल्ली वाजली आणि बाहेरचं दार लागलं.

एक गोष्ट अंशुमनला ठाऊक नव्हती. घर सोडताना दोन बॅगा दारात ठेवून कृतिकाने विचारलं होतं, "आई, फोटो एका पेन ड्राइव्हवर घेऊन जाऊ?" रिक्षा खाली थांबली होती, पोर रडत होती. वृंदाताई म्हणाल्या होत्या, "आत्ता कुठे ते करत बसतेस? माझ्याकडे आहेत. जातायत कुठे?" त्यावर विश्वास ठेवून ती गेली होती.

त्यांनी फोन लावला.

"बोला आई. नीरजाला उद्या अकराला सोडते हं."

"ते नाही. कृतिका, फोटो गेले."

"गेले म्हणजे?"

त्यांनी सगळं सांगितलं. मुलाची बाजू घेतली नाही, त्याला शिव्याही दिल्या नाहीत.

"सगळेच?" कृतिकाने विचारलं.

"तू होतीस ते सगळे." वृंदाताई एकेक फोल्डर उघडत होत्या. आणि बघता बघता त्यांच्या लक्षात आलं. "बाबा आहेत काहींमध्ये. त्यांच्या हातून कॅमेरा काढून घेऊन त्यांचे फोटो काढणारी घरात एकटी तूच. माणसांचे फोटो तू काढलेले तेवढे राहिलेत गं."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

"आई, एखादा उघडा ना. काय दिसतंय, सांगा."

"गच्ची आहे. थंडीतलं ऊन. बाबा खाटेवर बसलेत, किनू संत्रं सोलतायत. नीरजा मांडीवर आहे, तोंडभर रस. बाबांनी एक फोड पुढे धरलीय आणि काहीतरी बोलतायत, तोंड उघडंच आहे. काय बोलत होते कोण जाणे."

"मला माहितीये," कृतिका म्हणाली. "म्हणत होते, पुरे झालं गं, ठेव तो कॅमेरा. तू पण ये इकडे."

स्क्रीनवर जयंतराव किनूची फोड घेतलेला हात पुढे करून तसेच बसले होते.