गाऊनच्या घडीतली टोपी

रागिणीची दवाखान्याची पिशवी सातव्या महिन्यापासून खुंटीला टांगलेली होती. वस्तीतल्या आशा सेविकाताईंनी मोबाईलवर यादी पाठवली होती आणि माझी लेक ती परीक्षेसारखी पाठ करायची. गाऊन, पॅड, आधार कार्ड, फाईल, बाळाचे कपडे. "आठ बाळंतपणं पाह्यली मी, एकाही वेळेस यादी नाही लागली," असं मी तिला चिडवायची.

बाळाला नवं काही घ्यायचं नाही, हे मात्र मी बजावून ठेवलं होतं. तिचं पहिलं सहाव्या महिन्यातच गेलेलं. हे तरी टिकावं म्हणून शेजारच्या वर्षालीकडून एक जुनं झबलं मागून आणलं, कारण तिची तिन्ही पोरं ठणठणीत. माझ्या विटक्या लुगड्याची दुपटी केली. उरलेल्या तुकड्याची रागिणीनं टोपी शिवली. टाके वाकडेतिकडे आले म्हणून मी हसलेसुद्धा.

सोमवारी सकाळी आम्ही तपासणीला गेलो. डॉक्टरीणबाईंनी पोटावर मशीन दोनदा फिरवलं, मग तिसऱ्यांदा. ठोके बंद पडले होते. बाळंतपण तरीही करावंच लागेल, म्हणाल्या, सामान घेऊन या. रागिणीला तिथंच भरती केलं. जावई, शुभम, मोर्शीहून निघाला होता. पिशवी आणायला मी एकटीच जुन्या शहरातल्या घरी आले.

अंगणात विकायला आणलेल्या झेंडूचा ढीग तसाच पडला होता, हार करायचे राहून गेले होते. मी पिशवी खाटेवर उपडी केली. लेकीच्या नजरेला बाळाचं काही पडू नये, एवढंच डोक्यात होतं. झबलं काढलं, दुपटी काढली, गाऊन झटकला तर त्यातून टोपी पडली, तीही बाजूला ठेवली. बाकीचं परत भरलं. आपण फार शहाणपणाचं काम केलं असं मला तेव्हा वाटलं. आठवलं की माझा मलाच राग येतो.

जाता जाता झबलं परत द्यायला वर्षालीकडे गेले. "राहू द्या काकू, मले नको ते," सगळं ऐकून ती दारातूनच म्हणाली आणि धाकट्याला आत ओढून घेतलं. तिच्यावर काय चिडायचं? तिच्या जागी मीही तेच केलं असतं. झबलं घरी टाकून मी दवाखान्यात गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी रागिणी मोकळी झाली. मुलगा होता. सिस्टर पडद्याआडून बाहेर आली.

"मावशी, बाळाचे कपडे द्या."

"कायले?"

"मंग असंच देऊ काय त्याले?"

मी उगाच पिशवीत हात घालून चाचपलं. शेवटी जेवणाचा डबा बांधून आणलेला पंचा सोडला आणि तोच दिला. त्याला भाजीचा वास येत होता.

पडद्याच्या फटीतून रागिणी सगळं पाहत होती. ती रडली नाही.

"टोपी होती न, माय. गाऊनच्या घडीत ठेवली होती मी."

"मी काढली. तुले तरास नको म्हणून."

"माह्यासाठी थोडीच शिवली होती."

संध्याकाळी शुभम बाळाला पुरून आला आणि बाहेरच्या बाकावर बसून राहिला. रागिणीनं तोंड माझ्याकडे वळवलं.

"डोकं झाकलं होतं काय त्याचं?"

सारा जन्म मी गिऱ्हाइकांना कालचा झेंडू आजचा म्हणून विकला, कधी जीभ अडखळली नाही. त्या वेळी मात्र तोंडातून खरं तेच निघालं. "नाही," म्हणाले मी.