वरणात दाणा नव्हता

मित्रांनो, मी लातूरच्या एका अन्न-तपासणी प्रयोगशाळेतला जुना रंगमापक आहे. थर्माकोलच्या खोक्यातून आलो, तेव्हा माझ्या अंगावर ओरखडासुद्धा नव्हता. माझं काम ऐका. पदार्थाचा अर्क बारीक खळग्यांच्या पट्टीत घालतात, त्यावर औषधं टाकतात. शेंगदाण्याचा अंश असला की खळगा पिवळा होतो आणि तो किती पिवळा, हे मी उजेड टाकून सांगतो. एका मिठाईवाल्याची काजूकतली दाण्याची आहे हे मीच उघडं पाडलं. तेव्हापासून शहरातल्या मिठाईवाल्यांनी माझी धास्तीच घेतली. मला फार बरं वाटलं.

एकदा मुदखेडचे आनंदराज मेसमधल्या वरणाचा डबा घेऊन आले. त्यांची मुलगी धम्मप्रिया डॉक्टर व्हायचं म्हणून इथे शिकवणीला आलेली. शेंगदाणा पोटात गेला की तिचा घसा सुजायचा, श्वास कोंडायचा. मेसमध्ये जेवून तिला दोनदा दवाखान्यात न्यावं लागलं होतं.

"जेवणाचा भरवसा न्हाई मिळाला तर पोरीला घरी नेतो," ते म्हणाले. पोर खाली मान घालून उभी होती. माझा जीव तुटला.

खळगा पिवळा झाला. निरोप मिळताच मेसवाल्या गुणाबाई तरातरा आल्या.

"वरणात म्या दाणा टाकलाच न्हाई! तुमची मशीन खोटं बोलायली."

मी आणि खोटं? असा राग आला! पण आमच्या देविका मॅडमनी शांतपणे विचारलं, "फोडणीचा लसूण कशात ठेचता?"

"दगडी खलात. दाण्याची चटणी बी त्यातच कुटते."

"मधे धुता?"

"खल कुठं धुतेत व्हय? चव जाती. फडक्यानं पुसते." मग त्यांचा आवाज उतरला. "भूकंपात समदं घर गेलं, मॅडम. सासूचा ह्यो खल तेवढा निघाला."

गुणाबाईंनी निकालासाठी थांबलेल्या धम्मप्रियाकडे पाहिलं.

"खल घरी नेते. मेसात आता दाणाच नको. चटणी बी बंद."

लोक त्यांच्या मेसमध्ये त्या चटणीसाठीच यायचे, हे मला नंतर कळलं.

पुढचं वरण त्या स्वतः घेऊन आल्या. या वेळी खळगा पाण्यासारखा नितळ राहिला.

"काहीच दिसंना की!"

"हेच तर हवं होतं," मॅडम म्हणाल्या.

गुणाबाईंनी माझ्या झाकणावरून हात फिरवला आणि कानशिलावर बोटं मोडली. एवढं कौतुक माझं कुणी केलं नव्हतं.

धम्मप्रिया घरी गेली नाही. आता ती डॉक्टर आहे. माझ्या जागी नवं यंत्र आलंय आणि मी कोपऱ्यात धूळ खातोय. तरी माझी नजर अजून पक्की आहे.

मित्रांनो, कुणाला वाढताना काय घातलं एवढंच सांगू नका, कशात कुटलं तेही सांगा. आणि नुसतं फडक्यानं पुसायचं असेल, तर मला पुसा. खल मात्र धुवा.