कॉपीत न उतरलेल्या ओळी

सिस्टरांचा माणसांच्या बोलण्यापेक्षा थर्मामीटरवर जास्त विश्वास. पेशंट म्हणाला, "गोळी घेतली", की त्या आधी त्याची उशी उचलून बघायच्या. तीस वर्षं वॉर्डात काढली, निवृत्त झाल्या, दोन वर्षांपूर्वी नवरा गेला, तरी ही सवय काही सुटली नाही. धाकट्या दिराकडे तर त्या कायम तिरक्या नजरेनेच बघत.

त्याला कारणही तसंच होतं. त्यांचे यजमान उमेदीच्या काळात बोटीवर बिनतारी यंत्र सांभाळायचे आणि बंदरांवर फिरता फिरता त्यांनी चार परक्या भाषा उचलल्या होत्या. जमिनीवर परतल्यावर ते डीव्हीडी तयार करणाऱ्या एका लहानशा कंपनीत लागले. सिनेमा आपल्याच भाषेतला असायचा, पण मध्येच एखादं पात्र परकी भाषा बोलू लागलं की तेवढ्यापुरत्या खाली ओळी उमटायच्या. त्या ओळी लिहिणं हे त्यांचं काम. एका सिनेमात दहा, दुसऱ्यात वीस. असे बारा सिनेमे त्यांनी केले आणि त्यांचं नाव एकाही सिनेमात आलं नाही.

एकदा भरल्या घरात दीर बोलून गेला, "आमचे दादा म्हणजे दहा ओळींचे लेखक!" सगळे खो खो हसले. दादा मात्र हसले नाहीत. तेव्हापासून भावाभावांचं बोलणं तुटलं, ते सात वर्षं, दादा जाईपर्यंत.

आता त्या बारा डीव्हीडी अडखळायला लागल्या होत्या. चित्र मध्येच थिजायचं. नात्यात कॉम्प्युटर कळणारा एकच, दीर. त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. सिस्टरांनी नाइलाजाने बाराही डीव्हीडी पिशवीत घालून त्याच्याकडे नेल्या.

"चार दिवसांत सगळं पेनड्राइव्हवर करून देतो, वहिनी," दीर म्हणाला. फारच गोड बोलला. सिस्टरांना ते खटकलं.

चौथ्या दिवशी पिशवी आणि पेनड्राइव्ह दोन्ही घरी आलं. सिस्टरांनी खलाशाचा सिनेमा लावला. त्यात वादळात सापडलेला खलाशी परक्या बंदरावरच्या एका म्हातारीच्या घरात शिरतो आणि म्हातारी तिच्या भाषेत त्याला काहीतरी म्हणते. ती ओळ यजमानांनी आठ दिवस घोळवली होती. जेवताना विचारायचे, "'वारा ऐकत नाही' लिहू, की 'वारा माझं ऐकत नाही'?" शेवटी पडद्यावर आलं: पोरा, दार लोटून घे. वारा माझं ऐकत नाही.

म्हातारी आली, बोलली. खाली काहीच उमटलं नाही.

सिस्टरांनी मागे नेऊन पुन्हा बघितलं. काही नाही. दुसरा सिनेमा, तिसरा, पाचवा, सगळीकडे तीच तऱ्हा. चित्र लख्ख, आवाज स्वच्छ. बारा सिनेमांतून नेमकं काय गेलं होतं? फक्त त्यांच्या नवऱ्याचे शब्द. सिस्टरांच्या मनात पाल चुकचुकली. मेलेल्या भावावरही याने डूख धरला की काय?

दुसऱ्या दिवशी सकाळी, दुकानाचं शटर अर्धं वर गेलेलं असतानाच त्या डीव्हीडींची पिशवी आणि पेनड्राइव्ह घेऊन आत शिरल्या.

"भाऊजी, ओळी का काढल्यात?"

"कसल्या ओळी?"

"कानावर हात ठेवू नका. यांच्या ओळी."

दिराचा चेहरा पडला. "मी कशाला काढू? तुमच्या टीव्हीत काहीतरी गडबड असेल."

"टीव्ही चांगला आहे. तुमचं काय ते सांगा."

त्याने मूळ डीव्हीडी लावली. म्हातारी बोलली आणि ओळ उमटली. मग कॉपी लावली. ओळ नाही. दीर डोकं खाजवायला लागला. सिस्टरांना वाटलं, नाटक छान जमतंय.

"डीव्हीडी ठेवून जा, बघतो मी."

"ठेवून बिवून काही नाही. मी इथेच बसते."

त्यांनी स्टूल ओढलं आणि त्याच्या खांद्यामागून पडद्याकडे डोळे लावले. दिराने डीव्हीडी उघडून आतल्या सबटायटलच्या याद्या काढल्या. तीन होत्या. पहिल्या दोहोंत हजारभर ओळी, तिसरीत अकरा.

"अकरा!" सिस्टर म्हणाल्या. "या सिनेमात अकराच आहेत."

"मग ही दादाची," दीर पुटपुटला. "ह्यांना फोर्स्ड सबटायटल्स म्हणतात, वहिनी. आपण सबटायटल्स बंद ठेवली तरी प्लेअर ती दाखवतोच, डीव्हीडीत तशी खूण असते. कॉपी करताना मी सगळी सबटायटल्स वगळली. म्हटलं, सिनेमा आपल्याच भाषेतला, कशाला हवीत? त्यात ही पण गेली."

"म्हणजे चूक तुमचीच."

"चूक माझीच. पण मुद्दाम नाही केली."

दिराने ती यादी निवडली, ओळी कायमच्या चित्रावरच छापून घेतल्या आणि कॉपी पुन्हा केली. म्हातारी बोलली. ओळ आली. सिस्टरांनी अकराच्या अकरा मोजल्या, मगच पुढची डीव्हीडी हातात दिली. काहींमध्ये वेगळी यादीच नव्हती. हजार ओळींतल्या मोजक्यांवर खूण होती, तेव्हा फक्त खुणेच्या ओळी घ्यायच्या. दीर प्रत्येक वेळी बोट ठेवून दाखवी आणि सिस्टर चष्मा सावरून खात्री करून घेत. संध्याकाळपर्यंत अकरा सिनेमे झाले.

बारावी डीव्हीडी मात्र मशीन वाचेना. पुसली, फिरवली, पण काही उपयोग झाला नाही. मागच्या वेळीही ती अडखळत अडखळतच उतरली होती, आता पार गेली होती. मग दिराने खालचा खण उघडला आणि तोच सिनेमा, तसंच कव्हर, टेबलावर ठेवला.

सिस्टर ताडकन उठल्या. "हा माझ्या पिशवीतला!"

"मोजा."

त्यांनी मोजल्या. पिशवीतल्या बाराही टेबलावर होत्या. ही तेरावी.

"मग ही कुठून आली?"

"विकत घेतली होती. तेव्हाच."

"ही एकच?"

दीर खणाकडे बघत राहिला. "बाराही. बाजारात आली की घ्यायचो."

सिस्टर स्वतः वाकल्या आणि खणात हात घातला. अकरा कव्हरं हाताला लागली, कडा झिजलेली.

"बघितलेत?"

"सगळे. काही दोनदा. म्हातारीचा तर किती वेळा, सांगता येणार नाही."

"यांना का नाही सांगितलंत?"

"फोन लावायला हातात घ्यायचो. मग काय बोलावं सुचायचं नाही. ठेवून द्यायचो."

सिस्टरांना गहिवर आला नाही, राग आला. सात वर्षं नवरा जेवणाच्या टेबलाशी विचारत राहिला होता की त्याच्या ओळी कुणी वाचतं तरी का.

"ते रोज वाट बघायचे, भाऊजी," त्या म्हणाल्या. "तुमच्या एका वाक्याची."

दिराने आपली डीव्हीडी मशीनमध्ये सरकवली. मशीनने ती निमूट वाचली.

घरी गेल्यावर सिस्टरांनी बाराही सिनेमे पुन्हा पहिल्यापासून तपासले. त्याला आठवडा लागला. नवव्या सिनेमात एक ओळ दोन सेकंद उशिरा येत होती. त्यांनी फोन लावला.

"भाऊजी, नवव्यात घोळ आहे."

"येतो," दीर म्हणाला, आणि अर्ध्या तासात लॅपटॉप घेऊन दारात हजर झाला.