बरणीत पाणी नव्हते

मित्रांनो, मी चिनी मातीची जुनी बरणी. मला घडवले ते लोणच्यासाठी. सोलापुरात काशम्मांच्या घरी मी सहा वर्षे कैरी आणि मीठ सांभाळले. तेव्हा मला कसलेच भय ठाऊक नव्हते.

पुढे काशम्मांच्या मुलाने, सिद्धप्पाने, अक्कलकोटच्या रस्त्याला मोटारदुरुस्तीचे दुकान काढले. "अव्वा, तेजाब लोखंड खातं, पण चिनी मातीला काही करत नाही," असे म्हणून त्याने मला तिकडे नेले.

गंधकाचे तेजाब, म्हणजेच ॲसिड, हा मोटारीच्या बॅटरीचा जीव. दिसायला अगदी पाणी! पण धोतरावर थेंब पडला की दुसऱ्या दिवशी तिथे भोक. मुंबईचा माल वेळेवर आला नाही की सिद्धप्पा मोडीतल्या बॅटऱ्यांचे पातळ तेजाब निवळून घेई आणि परसात काचेच्या भांड्यात आटवून दाट करी. त्यातून असा जळजळीत धूर निघे, की तोंडाला फडके बांधूनही तो लांब उभा राही. मग बॅटरीला हवे तेवढेच सौम्य करण्यासाठी माझ्यात आधी शुद्ध पाणी भरायचे आणि त्यात तेजाबाची बारीक धार सोडायची. दाट तेजाबात पाणी ओतले तर ते उसळून डोळ्यांत उडते, म्हणून हा क्रम त्याने कधी चुकवला नाही. ते मिसळताना माझे अंग चुलीसारखे तापे. आता मी तडकणार आणि याचे पाय भाजणार, या धास्तीत मी दर वेळी जीव मुठीत धरून बसे.

"सिद्धप्पाची बॅटरी दगा देत न्हाय," असे ड्रायव्हर म्हणत. ते खरेच होते. इतका जपून वागणारा माणूस! पण एकदा तोही चुकला.

एकोणीसशे बत्तीस सालचा वैशाख होता. नुकतेच मिसळलेले तेजाब निवावे म्हणून त्याने मला ओट्याच्या सावलीत ठेवले. शेजारीच पिण्याच्या पाण्याचा माठ होता. तेवढ्यात चाकावरच्या स्प्रिंगचा पाटा तुटलेली एक मोटार आली. माझ्यावर नुसते झाकण ठेवून सिद्धप्पा मोटारीखाली शिरला.

उतारूंमध्ये सारजाबाई नावाची एक बाई होती. तिच्या कडेवर चार वर्षांची ठकी पाण्यासाठी रडत होती.

"दादा, लेकरासाठी पानी हाय का?"

"ओट्यावर हाय की, घ्या," मोटारीखालून सिद्धप्पा म्हणाला.

माठ रिकामा होता. सारजाबाईने माझे झाकण काढले.

मित्रांनो, मला तोंड आहे, पण त्यातून शब्द फुटत नाही. तिचा काळपटलेला पितळी गडवा माझ्यात बुडाला आणि मी आतल्या आत थिजले. बाई, घेऊ नकोस! माझ्या पोटात पाणी नाही!

"पानी ऊन लागलंय गं," ती लेकीला म्हणाली. ठकीने दोन्ही हात पुढे केले. मोटारीखालून सिद्धप्पाला जमिनीवर ठेवलेले माझे झाकण दिसले. घाबरून तो आपल्या कानडीत ओरडला, "ब्याड! ब्याड!" पण नको म्हणतोय, हे सारजाबाईला कळेना. गडवा पोरीच्या ओठांपाशी गेला.

आणि सारजाबाईचा हात थबकला. गडव्याचा बुडालेला भाग लख्ख झाला होता. वरचा भाग तसाच काळा होता.

"रोज चिंच लावून घासते, तरी असा उजळत न्हाय," ती पुटपुटली. "हे पानी न्हवं!"

तिने गडवा भिरकावला. शहाबादी फरशीवर सुर्रकन फेस उठला. ते पाहून तिने ठकीला इतके घट्ट आवळले की पोर आणखीच रडू लागली.

सिद्धप्पा गुडघे खरचटून घेत बाहेर आला. शिंतोडे ठकीच्या पायावर उडाले होते. त्याने विहिरीवरून घागरी आणून तो पाय आणि सारजाबाईचे हात पुन्हा पुन्हा धुतले. पाऊल थोडे लाल झाले, तेवढ्यावर निभावले. ठकीला पाणी पाजून झाले, तेव्हा त्याने हातोडा उचलला आणि तो माझ्याकडे वळला.

"तिला कशापायी फोडताय?" सारजाबाई कडाडली. "हितं ठेवली कुनी?"

सिद्धप्पाने मान खाली घातली. हातोडा ठेवून त्याने लाल रंग घेतला आणि माझ्यावर 'तेजाब' असे लिहिले.

"मला कुटं वाचता येतंय?" ती म्हणाली.

"मग काय काढू, बाई?"

उत्तर ठकीने दिले. "इंचू काढा. इंचवाला समदी भेत्यात."

त्याने माझ्या पोटावर नांगी उगारलेला विंचू काढला आणि मला कुलपाच्या कपाटात ठेवले.

आता मी रिकामी आहे. रंग फिका झाला, तरी माझ्याजवळ आलेला हात अजून मागे सरतो. तसा तो सरला की मला हायसे वाटते. मित्रांनो, घातक वस्तू पाण्याशेजारी ठेवू नका, आणि जिला वाचता येत नाही तिलाही कळेल अशी खूण त्या वस्तूवर करा. आम्हा भांड्यांना सगळे दिसते हो, पण वेळेवर हाक मारता येत नाही.