माणिकप्पांच्या तोंडावरचं तेज

सास्तूरला महादेवाच्या देवळापुढं त्या दिवशी मुंगी शिरायला जागा नव्हती. मधोमध प्लास्टिकच्या खुर्चीत माणिकप्पा बसले होते. पोटाच्या कॅन्सरनं अंथरुणाला खिळलेला, मोठ्या दवाखान्यानं 'आता घरी न्या' म्हणून पाठवलेला हा माणूस सगळ्यांच्या देखत दोन भाकरी आणि वाटीभर शेंगाची आमटी संपवून बसला होता.

"बगा तोंडावरचं तेज," विभूतीनं आजार बरे करतो म्हणून गावात आलेला भस्मबाबा गर्जत होता. "डागदर म्हनला, सपलं. म्या म्हनलो, डागदरा, तुजी डिगरी कागदाची, माजी कैलासाची. शंभूच्या हापिसात आपला डायरेक्ट वशिला हाय."

बायका हात जोडत होत्या. एवढा वशिला असून बाबानं स्वतःच्या गुडघ्याला औषधाच्या दुकानातला पट्टा का बांधलाय, हे विचारायची कुणाची छाती नव्हती. मी विचारणार होते, पण माणिकप्पांकडे बघून गप्प राहिले.

मी गजराबाई, लोहाऱ्याची. माझा नवरा गेला तेव्हा एका संस्थेची नर्स, दीपाली, घरी यायची. त्याच्या वेदना कमी करायची आणि माझ्याशी खरं बोलायची. तेव्हापासून मी तिच्याबरोबर फिरते. जी माणसं बरी होणार नाहीत त्यांच्या घरी जायचं, अंग पुसायचं, घरच्यांना जरा पाठ टेकता यावी म्हणून उशाशी बसायचं, एवढंच माझं काम. औषधाचं सगळं दीपाली बघते.

बाबा गावात आल्यापासून माणिकप्पांच्या घरी आमचा मान उतरला. त्यांच्या थोरल्या मुलानं, बसवेशनं, आम्हाला दारातच अडवलं.

"ताई, दुखन्याच्या गोळ्या बाबांनी बंद करायला सांगितल्यात. आन् पुन्याला शिवांजलीला काय कळवू नका. लेक रडत आली की मरणाला घर गावतंय, म्हनतेत."

"आप्पा तिची आठवण काढतात," दीपाली म्हणाली.

"दिवाळीला बोलवू की. तवर ठणठणीत हुतेत."

पोरगा वाईट नव्हता. बाप जेवतोय हे त्याला डोळ्यांनी दिसत होतं. त्याच्या जागी मी असते तर मीही भुलले असते.

त्याची आई रुद्रम्मा मात्र मला अंग पुसायला आत घ्यायची. एकदा मी पाठ पुसत असताना माणिकप्पा हळूच म्हणाले, "गजराबाई, म्या बरा न्हाय. भूक लागती, पर पोटातली गाठ वाडलीया. हाताला लागती."

"मग घरात सांगा ना."

"लई दिसांनी हसतेत समदी. कसं सांगू?" त्यांना दम लागला होता. "भूकंपात माजी आई गेली. आदल्या रातीला 'सकाळी बोलू' म्हनली हुती. ते बोलनं ऱ्हाऊनच गेलं. शिवांजलीसंगं तसं व्हाया नगं. तिच्याशी बोलायचं हाय मला."

मला रडू आलं, आणि बाबाचा संताप आला. मी तडक दीपालीला आत बोलावलं. तिनं माणिकप्पांचे फुगलेले गाल पाहिले. सारखी तहान लागते म्हणाले, म्हणून साखर तपासली. जन्मात कधी साखर नसलेल्या माणसाची साखर भलतीच चढली होती.

"मावशी, ही भूक राखेची नाही," ती म्हणाली. "यांच्या पोटात कसली तरी गोळी जातेय."

या घरात विभूती कपाळाला लावल्याशिवाय कुणी घास तोंडात घालत नाही. म्हणूनच तर बाबाच्या विभूतीवर कुणाला शंका आली नाही. मागितल्यावर रुद्रम्मानं देवळीतून दोन पुड्या काढल्या. "ही लावायची, ही दुधातनं घ्यायची. अदलाबदल झाली की बाधती म्हनलेत."

"का हो? शंकराच्या राखेत दोन जाती असतात?"

मी विचारलं. तशी रुद्रम्मानंच मैद्याची बारीक चाळणी आणली आणि बसवेशला हाक मारली. लावायची पुडी सगळी चाळणीतून खाली गेली. खायच्या पुडीतली राख गेली, पण वर पांढरे तुकडे राहिले. त्यात अर्धी गोळी होती, कुटायची राहून गेलेली. मधे मोडायची रेघसुद्धा तशीच.

"हे स्टेरॉइड असणार," दीपाली म्हणाली. "त्यानं भूक लागते, चार दिवस माणूस उठून बसतो. अशा आजारात आमचे डॉक्टरही देतात, पण सांगून, मापून, साखर बघून. गाठ त्यानं जात नाही. आणि गालावर आहे ती सूज आहे, तेज नाही. एकदम बंद करू नका, मी डॉक्टरांना विचारते."

बसवेश चाळणी घेऊन थेट देवळात गेला. मीही मागोमाग गेले.

"शंका घेतली की विभूतीचा दगड हुतोय," बाबा म्हणाला.

"रेघेसकट?" मी विचारलं.

कुणीतरी हसलं. पोलिसात तक्रार द्यायला बसवेश निघाला, तोवर बाबानं गाव सोडलं होतं. जादूटोणाविरोधी कायद्याखाली तक्रार मात्र त्यानं नोंदवलीच.

त्याच दिवशी त्यानं बहिणीला फोन केला. डॉक्टरांनी दुखण्याच्या गोळ्या परत चालू केल्या. पण आजार यकृतात उतरला होता, डोळे हळदीसारखे पिवळे पडले होते, आणि रात्रीतच गुंगी येऊन बोलणं तुटत गेलं. शिवांजली पोचली तेव्हा माणिकप्पांनी तिला ओळखलं, तिचा हात धरला आणि ओठ हलवले. शब्द काही फुटला नाही. ती कान लावून बसून राहिली. दुसऱ्या दिवशी ते गेले.

माती देऊन आल्यावर तिनं भावाला विचारलं, "दादा, देवळापुढं भाकरी खाल्ली तवा आप्पा बोलत हुते ना?"

"व्हय."

"मग तवाच का न्हाय बोलावलंस मला?"

बसवेश भिंतीला टेकून रडत राहिला. मी त्याच्याजवळ जाऊन बसले. दुसरं काय करणार होते?

बाबानं माणिकप्पांचं आयुष्य कमी केलं की नाही, मला सांगता येणार नाही. लेकीशी बोलायचे दिवस मात्र त्यानं नक्की खाल्ले. म्हणून हात जोडून सांगते, घरात असा आजार असेल तर कुणीही काही खायला दिलं की त्याचं नाव विचारा. नाव न सांगणाऱ्याची चिमूटसुद्धा माणसाच्या तोंडात घालू नका. आणि लांब असलेल्या लेकराला आजच बोलावून घ्या, बापाला बोलता येतंय तोवर.