शेकलेली गिटार

गावचा मालक भुजंगराव, त्याच्या पोरीच्या लग्नात मी मांडवात खुर्चीवर बसून वाजवणार होतो. केदारखेड्यात आमच्या मांगवाड्यातलं माणूस मांडवात शिरलं ते झाडायला, बसायला नाही. माझा बाप पुंजाराम जन्मभर नवरदेवापुढं हलगी बडवत चालला आणि जेवणं उरकली की मांडवामागं टोपलं घेऊन उष्ट्यासाठी उभा राहिला. म्हणून मी अट घातली होती. गिटार मी वाजवीन, पण बा हलगीला हात लावणार नाही. टोपल्याला तर नाहीच.

भुजंगराव लगेच हो म्हणाला. माझ्यावर माया म्हणून नव्हे. व्याही जालन्याचे, त्यांच्यापुढं ‘विजेची गिटार’ मिरवायची होती.

गिटार मीच उभी केली होती. जालन्याला रामकिसनच्या लाउडस्पीकरच्या दुकानात कामाला होतो, तिथं. मांडीवर आडवी ठेवायची, पोलादी कांडी तारांवरून फिरवायची. तिचा जीव म्हणजे तारांखालचा पिकअप. लोहचुंबकाभोवती केसासारखी बारीक तांब्याची तार गुंडाळलेली. वरची तार हलली की त्याला कळतं आणि भोंगा बोलतो. निजामावरच्या पोलिस ॲक्शननंतर पलटणीचं भंगार बाजारात आलं होतं, त्यातल्या कानफोनांची चुंबकं काढून मी असे दोन-तीन केले. दिसायला सगळ्या सारख्याच काळ्या डब्या. ओळखायच्या टिचकीनं. डबीवर नख मारलं आणि भोंगा गप्प राहिला तर पिकअप चांगला. टकटक ऐकू आली तर आतली तार ढिली, आणि असला पिकअप जवळच्या माणसाचं बोलणंही पकडतो. म्हणून ती गुंडाळी पातळ मेणात बुडवायची. मेण थिजलं की एक वेढा हलत नाही. मग पिकअपला फक्त पोलाद ऐकू येतं, माणसाला तो बहिरा.

प्रत्येक तारेखाली एक स्क्रू. जाड तार दांडगी, बाकीच्यांना दाबते. तिचा स्क्रू खाली न्यायचा, बारीक तारेचा वर आणायचा. सगळ्यांचा आवाज बराबर होईस्तोवर. गावाला असे स्क्रू असते तर मी जालन्याला गेलोच नसतो.

लग्नाच्या सकाळी मी बॅटरी, भोंगा, गिटार सगळं लावून ठेवलं. टिचकी मारून पाहिली, भोंगा मुका. मग रामकिसनबरोबर भोंगा लिंबावर चढवायला गेलो.

परत येऊन गिटार मांडीवर घेतली तर भोंग्यानं शीळच घातली.

“उस्ताद, शिट्टी काहून मारून राह्यली तुमची बाई?” रामकिसन हसला.

मी आवाज कमी करायला सांगणार, तेवढ्यात भुजंगराव आला. व्याह्यांकडं बघून हसत तो माझ्या मांडीवर वाकला, गिटारीच्या तारांना मिशा लागतील इतका, आणि हळूच म्हणाला, “कचऱ्या, ह्या जालन्याच्या भुकेल्यांना एकदा भुलवून होऊ दे. पंगत बसली की उठायचं. म्हातारा हलगी घेऊन दारात पाहिजे आन् मंग टोपलं घेऊन मागं. न्हाई तर उद्या छपरं मोडतो तुमची.”

लिंबावरच्या भोंग्यातून ते सगळ्या गावानं ऐकलं.

छपराचं, टोपल्याचं कोणाला काही वाटलं नाही. ‘भुकेल्या’वर मात्र अख्खं वऱ्हाड उठलं. व्याही जोड्यात पाय घालू लागला.

“ह्या हरामखोरानं माईक लपवला!” भुजंगराव ओरडला.

मी नुसती टिचकी मारली. टक, टक. भोंग्यातून. पिकअपखाली लाकडावर मेण ओघळून थिजलं होतं. मी मान वर केली. आचाऱ्यांच्या चुलवणाजवळ बा उभा होता.

“बा, गिटारीला काय केलं तू?”

“शेकली रं, जराशी. मोठ्या घरचं लगीन. शेकल्याबिगर आवाज खुलतो का कुठं?”

हलगी शेकतात तशी. चामडं तापून ताणलं जातं, मेण वितळून जातं, हे बाला कोणी सांगितलं होतं? मी तरी कुठं सांगितलं होतं?

भुजंगरावानं माझी मानगूट धरून तोंड गिटारीवर दाबलं. “बोल आता! सांग समद्यांना, मालकाचा आवाज तूच काढला. बोल जल्दी!”

“म्हण बाबा,” बा हात जोडून म्हणाला. “म्हण, मीच बोललो. घर ऱ्हाईल आपलं.”

तोंड तर पिकअपवरच होतं. मी बोललो.

“बोलणं मालकाचंच हाय. आन् माझा बा आज हलगी वाजवणार न्हाई. टोपलं बी धरणार न्हाई.”

गिटार त्यांनी पायाखाली तुडवली, मग मला. लग्न लागलंच. भुजंगरावानं व्याह्याच्या पायावर पागोटं ठेवलं, दोन्ही घरं पंगतीला बसली. हलगी वाजली नाही. आमच्या छपराचे वासे पंगत उठायच्या आधीच जमिनीवर आले.

रामकिसननं भोंगा, बॅटरी आणि आम्हाला बैलगाडीत भरलं. गाडी भोकरदन-जालना रस्त्याला लागली.

“म्या शेकली नसती तर तू बसून वाजवत ऱ्हायला असता,” बा म्हणाला.

“वाजवलं असतं. मंग पंगत बसली असती. मंग?”

जालन्यात राहायचं कुठं, हे दोघांनाही ठाऊक नव्हतं. गिटारीच्या फळीचा तुकडा मांडीवर घेऊन बा नखानं मेण खरवडत होता, पत्रावळीच्या पानात गोळा करत होता.

“ऱ्हाऊ दे, बा.”

“लागंल पुन्हा,” तो म्हणाला, आणि पान मिटलं.