अध्यक्षाने आणलेलं ऊन

इतर गावांत अध्यक्षाने वचन पाळलं की नाही, हे मतपेटीला विचारतात. मतपेटीला जीभ नाही, त्यामुळे ती काहीही सांगते. आमच्या इस्किओसमध्ये हे काम कॉफीकडे असतं.

रीत सोपी आहे. मुदत संपण्याआधीच्या रविवारी, चर्चमधली प्रार्थना आटोपली की गावच्या अध्यक्षाने चौकातल्या चिनाराखाली बसायचं. प्रत्येक घरातून एकेक कप येतो. वचन पाळलं असं घराला वाटलं तर गोड, नाहीतर बिनसाखरेची, मयताच्या घरी देतात तशी. सगळे कप संपवायचे. एक जरी कडू निघाला तरी गावचा शिक्का टेबलावर ठेवून मुकाट घरी जायचं. माझ्या हयातीत कुणी दुसऱ्यांदा अध्यक्ष झालेला नव्हता. एका बिचाऱ्याने तर फक्त "मी कुणाशी भांडणार नाही" एवढंच वचन दिलं होतं. त्याला कडू कप त्याच्या बायकोने पाठवला.

थ्रासिवुलोसने मात्र कमालच केली. आमचं गाव डोंगराच्या पाठीशी. हिवाळ्याच्या तोंडावर, संत दिमित्रिओसच्या सणाला सूर्य जो दडी मारतो, तो बदामाला फुलं आल्यावरच तोंड दाखवतो. मधल्या काळात आमच्या सावल्यासुद्धा खालच्या गावांत कामाला जातात. इथे राहून करणार काय? तर हा थ्रासिवुलोस निवडणुकीत खुर्चीवर चढला आणि म्हणाला, "मला निवडून द्या, हिवाळ्यात ऊन आणतो!"

"कशातून आणतोस रे? पोत्यातून?" कॉफीवाला कित्सोस ओरडला. सगळे हसले. आसिमोकाकू तेवढी हसली नाही. तिचा नवरा लाम्ब्रोस कमरेपासून लुळा, खिडकीशेजारच्या पलंगावर पडून असायचा.

"थ्रासोस," ती थ्रासिवुलोसला म्हणाली, "मला रस्ता नको, दिवे नकोत. माझ्या म्हाताऱ्याच्या पांघरुणावर ऊन आण. आणशील?"

खुर्चीवरच्या माणसाने छातीवर हात ठेवला. "आणतो, काकू."

तिथेच तो फसला. गावाला मारलेली थाप पचते. काकूला दिलेला शब्द घशात अडकतो.

निवडून आल्यावर तो राजधानीला गेला. एका खात्याने सांगितलं, ऊन आमच्याकडे येत नाही. दुसरं म्हणालं, आमच्याकडेही येत नाही, आमच्या खिडक्या उत्तरेला आहेत. असे एकामागून एक हिवाळे गेले. लाम्ब्रोस झिजत चालला. कित्सोस रोज टोमणा मारायचा, "अध्यक्ष, पोतं उसवलं का?"

शेवटच्या हिवाळ्यात मात्र थ्रासोस घरोघर फिरला आणि बायकांचे लग्नातले आरसे मागू लागला. बायकांनी दिले, हे या गोष्टीतलं सर्वांत अविश्वसनीय वाक्य आहे. पण तेवढंच शंभर टक्के खरं आहे. त्या हिवाळ्यात गावात एकाही पुरुषाच्या मिशा दोन्हीकडे सारख्या नव्हत्या. सगळे आरसे, शिवाय कित्सोसच्या कॉफीच्या थाळ्या घासूनपुसून त्याने समोरच्या उतारावर, जिथे ऊन पोचतं तिथे, खांबांवर बांधल्या.

पहिल्या सकाळी नेम चुकला आणि सगळं ऊन पाद्रीबाबांच्या टकलावर पडलं. त्यांना वाटलं, प्रभू परत आले. त्यांनी घंटा इतकी बडवली की शेजारच्या गावाने आपापल्या पापांची कबुली द्यायला सुरुवात केली. दुसऱ्या सकाळी ऊन चौकात आलं. मांजरांनी जागा धरल्या. माझ्या लिंबाला असं लिंबू लागलं की ते उतरवायला गाढव लागलं. आणि एक लांबट कवडसा खिडकीतून शिरून लाम्ब्रोसच्या पांघरुणावर पडला.

लाम्ब्रोसने त्यावर दोन्ही हात ठेवले. शेकोटीवर ठेवतात तसे. थोड्याच दिवसांनी, सकाळच्या वेळी, हात तसेच ठेवून तो गेला.

मयतानंतर सगळं गाव आसिमोकाकूकडे कडू कॉफी प्यायला गेलं. थ्रासोस तेवढा गेला नाही. आरसे सैल झालेत म्हणाला आणि उतारावर जाऊन बसला. आपण ऊन उशिरा आणलं, हे त्याच्या मनाने घेतलं होतं. तेव्हापासून काकू दिसली की तो गल्ली बदलायचा.

मग तो रविवार आला. थ्रासोस चिनाराखाली बसला आणि कप येऊ लागले. गोड. पुन्हा गोड. मी तर एवढी साखर घातली होती की चमचा उभा राहिला. अध्यक्षाच्या मिशांवर मधमाश्या घिरट्या घालू लागल्या.

"पी लेका, पी," कित्सोस म्हणाला. "पोतं भरलंय तुझं!"

थ्रासोस हसत नव्हता. तो एकाच दाराकडे बघत होता.

ते दार उघडलं. काळ्या कपड्यांतली आसिमोकाकू हातात झाकलेली थाळी घेऊन चौक ओलांडून आली. तिने कप पुढे केला. त्याने घोट घेतला आणि त्याचं तोंड बघूनच आम्हाला कळलं. त्याने कप तळापर्यंत रिकामा केला, खिशातून शिक्का काढला आणि टेबलावर ठेवला.

"बरोबर आहे, काकू. मला उशीर झाला."

"कसला उशीर? खाली बस, मूर्खा!" काकू कडाडली. "गावाने तुला अध्यक्ष केलं, शहाणा कुणी केलं नाही!"

तो बसला.

"हा कप माझा नाही, लाम्ब्रोसचा आहे. त्याच्या मयताची कॉफी तू प्यायला आला नाहीस. सगळं गाव आलं, आणि ज्याने त्याला ऊन दिलं तोच आला नाही. म्हातारा वरून विचारत असेल, माझा पाहुणा कुठाय?" तिने ओढणीच्या टोकाने नाक पुसलं. "शेवटी काय म्हणाला माहितेय? म्हणाला, आसिमो, पाय गरम झाले. अरे, ज्या पायांना वर्षानुवर्षं काही कळत नव्हतं, ते!"

थ्रासोसने मान खाली घातली. टेबलावर टप टप आवाज झाला. मधमाश्या असतील, असं आम्ही सगळ्यांनी ठरवलं.

"आता माझा कप," काकू म्हणाली आणि थाळीवरचं फडकं काढलं. गोड कॉफी होती, आणि बशीत पाकात मुरवलेल्या आंबट चेरी. "आमच्या लग्नात लावलेल्या झाडाच्या आहेत. खा. आणि आरसा परत आणून दिलास तर याद राख."

त्याने खाल्ल्या. कित्सोसने शिक्का उचलला, बाहीला पुसला आणि थ्रासोसच्या खिशात टाकला. बायकांपैकी एकीनेही आपला आरसा परत मागितला नाही.

एवढी कॉफी पोटात गेल्यावर अध्यक्ष महिनाभर झोपला नाही. रोज पहाटे उतारावर जाऊन काचा पुसत बसायचा. म्हणूनच आजही आमचं ऊन तुमच्या उन्हापेक्षा स्वच्छ आहे. विश्वास नसेल तर हिवाळ्यात या, माझ्या पायरीवर एक कवडसा पडतो. अर्धा तुमचा.